शेडचं दार उघडावंसं वाटत नाही

वाचकाचं पत्र (संक्षिप्त)

ताई, नमस्कार.

मी सांगलीत राहतो. वय 48, बँकेत नोकरी. माझ्या वडिलांनी, आबांनी, 1978 साली प्रीमियर पद्मिनी घेतली. पैसे भरून नंबर लागायला कितीतरी वर्षं थांबले होते. कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही ते तीच वापरायचे. 2014ला आबा गेले आणि तेव्हापासून गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली. 2019च्या महापुरात ती टपापर्यंत बुडाली. 2021ला पुन्हा सीटपर्यंत पाणी आलं. त्या दिवाळीत मी ठरवलं की आबांनी आणली होती तशीच गाडी करायची, त्याच क्रीम रंगात. मिस्त्रींनी अडीच लाख आणि एक वर्ष सांगितलं.

आजपर्यंत सहा लाख ऐंशी हजार गेले. रंग दोनदा झाला. पहिल्याला पावसाळ्यात फोड आले म्हणून खरवडून पुन्हा मारला, आणि आता दरवाजाखाली परत तेच दिसतंय. इंजिन कोल्हापुरात बोअर करून, नवे पिस्टन घालून आणलं. ते दीड वर्ष गोणपाटाखाली पडून आहे. बंपर क्रोम करून ठेवलेत. दरवाजे काढून भिंतीला टेकवलेत, नटबोल्ट सगळे एकत्र तीन डब्यांत. पहिल्या मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं. दुसरे दोन दिवस काम करतात आणि महिनाभर फिरकत नाहीत.

पत्नी पहिली दोन वर्षं विचारायची, आता विचारत नाही. तिला मी आकडा चार लाख सांगितलाय. आई 79 वर्षांची आहे. "नरसोबाच्या वाडीला कधी नेतोस आबांच्या गाडीतून?" असं म्हणते. पूर्वी रविवारी चहा झाला की मी शेडमध्ये असायचो. आता दार उघडावंसंच वाटत नाही. आणि एवढा पैसा गेल्यावर सोडवतही नाही. उत्साह टिकवायचा कसा? की विकून मोकळा होऊ?

– स. पा., सांगली

उत्तर

प्रिय स. पा.,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बंपर क्रोम होऊन तयार आहेत, रंग दोनदा झालाय, इंजिनावर मोठा खर्च झालाय. पण गाडीचा तळ आणि ब्रेक यांच्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. तुमचा उत्साह कुठे गेला याचं उत्तर मला तिथेच दिसतं. आधी कळस मग पाया, अशा क्रमानं काम झालंय. त्यामुळे चार वर्षांत इतका पैसा ओतूनही "हे झालं, आता याला पुन्हा हात लावायचा नाही" असं म्हणता येईल अशी एकही गोष्ट त्या शेडमध्ये नाही. रंग झाला तो बिघडला. इंजिन झालं ते पडून आहे. दर रविवारी अर्धवट कामांच्या ढिगासमोर जाऊन उभं राहायचं म्हटलं तर कुणाचाही पाय जड होईल. आळशीपणा किंवा चिकाटीचा अभाव म्हणून स्वतःला दोष देत असाल तर तो आधी थांबवा.

माझं माहेर कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं. वडिलांचं बोअरिंगचं वर्कशॉप होतं, त्यामुळे ब्लॉक, लाइनर, रिंगा हे शब्द माझ्या कानावर लहानपणापासून आहेत. अशी उघडून ठेवलेली गाडी आणि तिच्यापुढे खचलेला माणूस मी बऱ्याचदा पाहिलाय. त्यांतल्या ज्या गाड्या पूर्ण झाल्या, त्यांच्या मालकांकडे तुमच्याहून जास्त जिद्द होती असं मला वाटत नाही. त्यांनी कामाचा क्रम बदलला आणि शेवटचा टप्पा जवळ आणून ठेवला. तुम्हाला मी तेच सुचवणार आहे. "आबांनी आणली तशी गाडी" हे ध्येय काही काळ बाजूला ठेवा आणि त्याच्या जागी "चालती आणि थांबती गाडी" एवढंच धरा. रंग, क्रोम, सीटकव्हर, सगळं त्यानंतर.

अंदाज इतका का चुकला, तेही सांगते, कारण त्याचा सल तुमच्या पत्रात जाणवतो. माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज बहुतेकदा कमी धरतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो पुरा व्हायला किती दिवस लागतील हे विचारलं होतं. सरासरी उत्तर आलं साधारण 34 दिवस आणि प्रत्यक्षात लागले 55. त्या मुलांना विषय माहीत होता, काम टेबलावर होतं आणि घरात पूर आला नव्हता. तुमच्या मिस्त्रींनी अंदाज दिला तो शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाडीचा. दोनदा पुरात बुडालेली गाडी ही वेगळीच गोष्ट आहे.

पद्मिनीला ट्रक-जीपसारखी वेगळी चेसिस नसते. तळाचा पत्रा, दरवाजाखालचे दोन्ही बाजूंचे पोकळ खोके, पुढचे-मागचे बंद भाग हे सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. 2019ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. कृष्णेचं ते गढूळ पाणी या पोकळ खोक्यांत शिरलं. ते ओसरताना पाणी गेलं आणि गाळ आत राहिला. तो गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खात राहतो. वरून तुम्ही कितीही घासा, लांबी (म्हणजे पुट्टी) भरा, प्रायमर मारा, गंज पलीकडच्या बाजूनं येतोय. तुमच्या रंगाला दरवाजाखालीच फोड का आले, आणि दुसऱ्यांदाही तिथेच का आले, त्याचं कारण मला हेच दिसतं. रंगाऱ्याचा हात वाईट असेलही, पण जगातल्या उत्तम रंगाऱ्याचा रंगही तिथे टिकला नसता.

खात्री करून घ्यायला फार खटपट नाही. पातळ फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं चुंबक दरवाजाखालच्या पट्टीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पत्रा नाही, लांबीचा थर आहे. मग गाडीखाली जाऊन पेचकसाच्या मुठीनं तळावर ठोकत जा. चांगला पत्रा ठणकन वाजतो, खाल्लेला भद् आवाज देतो. जाताना सोबत खडू ठेवा आणि भद् वाजेल तिथे गोल करा. हे काम एका सकाळचं आहे. पण या खडूच्या गोलांनीच तुमचा पुढचा सगळा हिशेब ठरणार आहे, म्हणून ते झाल्याशिवाय आणखी एक रुपयाही खर्च करू नका.

आता क्रम.

पहिला तळ. आणि इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तुमचे दरवाजे भिंतीला टेकवलेले आहेत. दरवाजाखालचे खोके कापण्याआधी ते जागेवर चढवून घ्या. गंजलेला खोका कापला की मधल्या भागात गाडी किंचित खाली बसते, आणि तशीच नवी पट्टी वेल्ड झाली तर दरवाजे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. दरवाजे चढवायचे, फटी सगळीकडे सारख्या करून घ्यायच्या, आतून लोखंडी पट्ट्यांचा आधार तात्पुरता वेल्ड करायचा, आणि मग एका वेळी एकच बाजू कापायची. वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणारं, करून घ्या. गॅस वेल्डिंगच्या आचेनं पातळ पत्रा लाटा येऊन वाकतो आणि ते झाकायला परत लांबीचे थर येतात. खोके बंद करण्याआधी आतला गाळ पाण्याच्या फवाऱ्यानं पूर्ण बाहेर काढायचा, चांगलं वाळू द्यायचं, खाली पाणी निघायला भोकं ठेवायची, आणि काम झालं की आत मेण किंवा गंजरोधक तेल फवारायचं. जे मिस्त्री या गोष्टी ऐकून "एवढं काही लागत नाही साहेब" म्हणतील, त्यांना हे काम देऊ नका.

दुसरे ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत. पुरानंतर व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचं तेल दाबणारे भाग, आतून गंजले असणार हे धरूनच चाला. जुने उघडून, घासून परत बसवू नका. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, सगळे होज आणि धातूच्या नळ्या नव्या घाला. इथे काटकसर नको. आईंना या गाडीतून न्यायचंय.

तिसरं वायरिंग. पाण्यात गेलेल्या वायरी बाहेरून चांगल्या दिसतात आणि जोडाच्या ठिकाणी हिरवट चुरा होऊन बसलेल्या असतात. एकेक दोष शोधत बसण्यापेक्षा वायरींची सगळी माळच नवी करून घेणं शेवटी स्वस्त पडतं.

इंजिन तुमचं तयार आहे, आणि सगळ्यात चांगली बातमी मला तीच वाटते. पण ते गोणपाटाखाली पडून आहे हे वाचून जरा काळजीही वाटली. गोणपाट ओल धरतो. या रविवारी पहिलं काम हे करा. प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा, तासभर थांबा, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं हळूहळू फिरवा. जोर लावू नका. सहज फिरलं तर नशीब चांगलं आहे. अडलं तर तसंच उद्यमनगरात घेऊन जा, पुलीवर मोठा पाना लावून कुणाला ताकद आजमावू देऊ नका.

फिरलं, तर पुढचं ऐका, कारण उत्साहाबद्दल तुम्ही विचारलंत त्याचं माझ्याकडचं सगळ्यात ठोस उत्तर हे आहे. तळाचं काम करणारा माणूस मिळून ते संपेपर्यंत महिने जातील. तोवर हे इंजिन गाडीबाहेरच चालू करा. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून एक लोखंडी स्टँड करून घ्या. त्यावर गिअरबॉक्ससकट इंजिन बसवा, समोर रेडिएटर, बाजूला बॅटरी, थोड्या उंचीवर पेट्रोलची छोटी टाकी. पहिल्यांदा प्लग काढून नुसतं स्टार्टरवर फिरवायचं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचलं. मग प्लग लावून सुरू करायचं. जवळ आग विझवायचं साधन आणि माहीतगार मिस्त्री हवाच, आणि अंगण मोकळं हवं. फार वेळ चालवायचं नाही, पाणी तापतंय का बघत राहायचं. त्या दिवशी आईंना आणि वहिनींना बाहेर बोलवा. गाडीचा आवाज या घरानं 2014नंतर ऐकलेला नाही. तो ऐकल्यावर शेडचं दार तुम्हाला जड जाणार नाही, इतकं मी खात्रीनं सांगते.

मधल्या काळात हातात काहीतरी पूर्ण होत राहायला हवं, आणि त्यासाठी मिस्त्रींची वाट बघायची गरज नाही. ते तीन डबे घरात आणा. संध्याकाळी बातम्या बघता बघता एकेक नट रॉकेलमध्ये धुवून, पुसून, वेगवेगळ्या पिशव्यांत भरा आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावा: बोनेटचे, दरवाजाच्या बिजागरीचे, डिकीचे. मग कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, घ्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरा, खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढत सुटा करा. पुराचा बारीक गाळ जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकाच्या तुकड्यात, अडकलेला सापडेल. तो सुईनं किंवा तारेनं टोकरायचा नाही. जेटचं भोक केसभर जरी मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पीत राहते. क्लीनरचा फवारा आणि हवा, एवढंच वापरा. फ्लोट पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवून बघा. बुडबुडे आले तर त्याला भोक आहे. नवं किट घालून तो बंद करा, पिशवीत ठेवा, तारीख लिहा. एक वस्तू पूर्ण झाली. पुढच्या महिन्यात वायपरची मोटर, त्यानंतर खिडकीची यंत्रणा. हे मी तुमचा वेळ जावा म्हणून सांगत नाही. यातलं प्रत्येक काम मिस्त्रींना दिलं तर पैसे लागतात आणि रखडतं. तुम्ही केलं तर दोन्ही वाचतं, आणि आबांची गाडी तुम्हाला आतून कळायला लागते.

जाता जाता एक. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही आणि उभ्या गाडीत ते ओल ओढून घेतं. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच घाला आणि चाचणीनंतर कार्बोरेटर, टाकी रिकामी करून ठेवा.

सुट्या भागांची चिंता तुम्ही लिहिली नाहीत, तरी ती असणारच. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी सत्तरच्या दशकापासून 2000च्या सुमारापर्यंत बनत होती आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच होती. ऑक्टोबर 2023च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. त्यामुळे इंजिन, क्लच, ब्रेकचं सामान अजून पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला फिरून मिळतं. पण ते मागणारा टॅक्सीवाला आता उरलेला नाही, म्हणजे दुकानदार नवा माल भरणार नाही. ब्रेकची किट, क्लचप्लेट, गॅस्केट सेट, वॉटर पंप एवढं आताच घेऊन ठेवा. दरवाजाच्या चकचकीत पट्ट्या, मूळ दिव्यांच्या काचा या गोष्टी मात्र दुर्मीळ आणि महाग आहेत. त्या दिसल्या आणि परवडल्या तर घ्या, शोधत फिरू नका. गाडी त्यांच्यावाचून चालते.

पैशाचं बोलू. सहा लाख ऐंशी हजार गेले. गाडी पूर्ण केलीत तरी ते परत येणार नाहीत आणि आज विकलीत तरी येणार नाहीत. त्यामुळे पुढचा निर्णय घेताना तो आकडा हिशेबातच धरू नका. "एवढा पैसा गेल्यावर सोडवत नाही" या वाक्यानं पुष्कळ लोक आणखी खोल गेलेत. प्रश्न एवढाच विचारा: इथून पुढे चालती गाडी व्हायला किती लागतील, आणि तेवढे पैसे मला या गाडीसाठी आज, नव्यानं, द्यावेसे वाटतात का? खडूचे गोल काढून झाले की त्याचं उत्तर काढता येईल. तळ, ब्रेक, वायरिंग, टायर, जोडणी, प्रत्येकाचा वेगळा लेखी आकडा घ्या आणि एकूण येईल त्यात निम्मा आणखी मिळवा. ती बेरीज झेपत असेल तरच पुढे जा. महिन्याला ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि खर्च त्या खात्यातूनच करा. खातं रिकामं असेल त्या महिन्यात डब्यातले नट धुवायचे. गाडीसाठी व्याजानं पैसे काढू नका. मुलांच्या शिक्षणाच्या ठेवीला तर अजिबात हात लावू नका.

मिस्त्रींच्या बाबतीतही व्यवहार बदला. दोन दिवस येऊन महिनाभर गायब होणारा माणूस वाईटच असतो असं नाही. रोजच्या गिऱ्हाइकाची गाडी संध्याकाळी जाते आणि पैसे हातात येतात, तुमची गाडी कोपऱ्यात पडते. म्हणून संपूर्ण गाडीचं काम कुणालाही देऊ नका. "डाव्या बाजूचा खोका आणि पुढचा तळ, अमुक इतके पैसे, सामान माझं, काम झाल्यावर लगेच रोख" असं एका वेळी एकच, संपणारं काम द्या. उचल सामानापुरतीच. पत्रा कापल्यावरचे आणि जोड बंद होण्याआधीचे फोटो घ्यायचे हे आधीच सांगा. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

आता जे लिहायला मला सगळ्यात अवघड जातंय. वहिनींना खरा आकडा सांगा. वरच्या कुठल्याही कामाच्या आधी सांगा. तुम्हाला शेडमध्ये जाववत नाही याचं निम्मं कारण गंज असेल, तर उरलेलं निम्मं हे दोन लाख ऐंशी हजार आहेत. शेडचं दार उघडलं की ते समोर येतात. वहिनींनी विचारणं सोडलंय याचा अर्थ त्यांना पत्ता नाही असा मुळीच घेऊ नका. घरात राहणाऱ्या बाईला पैसा कुठे आटतोय ते कळतं. विचारून खोटं ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. सांगताना "आबांची गाडी आहे" ही ढाल पुढे करू नका. त्यावर त्यांना काहीच बोलता येणार नाही, आणि त्यांचं बोलणं तुम्ही ऐकायला हवं. आकडा सांगा, लपवल्याबद्दल माफी मागा, पुढचा लेखी हिशेब त्यांच्यासमोर ठेवा आणि महिन्याची रक्कम दोघांनी मिळून ठरवा. त्या म्हणाल्या शून्य, तर वर्षभर शून्य. त्या रागावतील, कदाचित बरेच दिवस. तो राग रास्त आहे, तो सोसायला हवा.

आईंबद्दलही थोडं. त्या वाडीला नेण्याबद्दल विचारतात तेव्हा तुम्हाला तो तगादा वाटत असेल. पण त्यांनी क्रोमचे बंपर मागितलेले नाहीत, क्रीम रंगही मागितलेला नाही. सांगलीहून नरसोबाची वाडी किती लांब आहे? प्रायमर मारलेल्या, बिनबंपरच्या गाडीतून तेवढं जाऊन येता येतं. आबांनी आणली तशी गाडी ही तुमची इच्छा आहे, आणि ती चांगली इच्छा आहे, पण आईंच्या वयाकडे बघता आधी त्यांची पुरी व्हावी असं मला वाटतं. तोवर असलेल्या गाडीतून त्यांना वाडीला नेऊन आणा. दत्तदर्शनाला पद्मिनीची वाट बघायला लावू नका.

रस्त्यावर न्यायची तर कागदपत्रं लागतील, आणि यात बरेच जण फसतात. आबांच्या नावावरचं आरसी पुस्तक वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म 31 भरावा लागतो. 2014नंतर ते केलं नसेल तर आता लगेच करा, उशिराचा दंड पडेल तो भरा. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, तो फॉर्म 25. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि तपासणारा ब्रेक, दिवे, हॉर्न बघतो. म्हणजे कागदांसाठीसुद्धा आधी चालती-थांबती गाडीच लागते.

2028मध्ये तुमच्या गाडीला 50 वर्षं होतील आणि कुणीतरी सांगेल की तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करा, नंबरात "व्हीए" अक्षरं येतात, मान मिळतो. 2021च्या केंद्रीय नियमांनी ती सोय झाली आहे. नव्या नोंदणीची फी 20 हजार आणि मुदत 10 वर्षं. पण तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांपुरतीच चालवता येते. तुम्हाला घरच्या माणसांना घेऊन फिरायचंय, तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

आणि विकण्याचा प्रश्न. विकणं म्हणजे आबांशी बेइमानी नव्हे, एवढं आधी मनाशी नक्की करा, नाहीतर निर्णय घेताच येणार नाही. खडूच्या पाहणीत पुढचे-मागचे आधाराचे भागही खाल्लेले निघाले, किंवा लेखी बेरीज घराला झेपणारी नसली, किंवा वहिनींशी बोलल्यावर दोघांनाही वाटलं की आता पुरे, तर विका. विकताना सुटे भाग वेगवेगळे काढून विकू नका. इंजिन, दरवाजे, बंपर, पिशव्यांत भरलेले नट, वारसाच्या नावावर झालेले कागद असं सगळं एकत्र, ज्याला पद्मिनी पूर्ण करायची आहे अशा माणसाला द्या. भंगारवाल्यापेक्षा त्याच्याकडून किंमतही बरी येईल. यातलं काहीच नसेल, तर मात्र आज थकलोय एवढ्यासाठी विकू नका. थकव्यावर उपाय सुट्टी हा आहे. मोठ्या पावसाचे महिने सरळ सुट्टीचे ठरवा, दर वर्षी.

सुट्टीवर जाण्याआधी गाडी सुरक्षित ठेवा, नाहीतर परत येऊन आणखी गंज बघावा लागेल. गाडीवर थेट प्लास्टिक टाकू नका, आत घाम धरतो. सुती कापड घाला आणि शेड गळत नाही ना ते बघा. उघडा पत्रा असेल तिथे प्रायमरचा हात द्या, कारण सीमेंटच्या जमिनीवरून येणारी ओलही पत्र्याला पुरते. इंजिन महिन्यातून एकदा हातानं फिरवा. मीटर, वायरी, सीटचे तुकडे उंदरांच्या तोंडी लागणार नाहीत असे पत्र्याच्या ट्रंकेत बंद करा. आणि तुमचा भाग पुराचा आहे, तेव्हा इंजिन व गिअरबॉक्स तरी जूनच्या आधी वरच्या मजल्यावर, किंवा पाणी न येणाऱ्या कुणा नातेवाइकाकडे हलवून ठेवा. चौघांना उचलता येतं, टेम्पो लागेल.